सुपारी आणि विकृतिशास्त्राचे चार शब्द

इंदूर जिल्ह्यातील देपालपूरसारख्या माळव्याच्या गावी जेवणानंतर सुपारीचे खांड पुढे करणे हा पाहुणचाराचाच भाग मानला जातो. तेथील एखादा विद्यार्थी इंदूरच्या, १९४८ साली स्थापन झालेल्या, महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला, की दाह, शोष, तंतुभवन आणि अर्बुद हे शब्द त्याला आरंभी रुक्ष वाटतात. वस्तुतः त्यांचा सारा क्रम त्या खांडातच दडलेला असतो.

१९५२ साली श्वार्त्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील काही भारतीय स्त्रियांच्या मुखविकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी डॉ. जोशी यांनी भारतात त्याची नोंद केली. हाच ‘सबम्यूकस फायब्रोसिस’. प्रारंभी तिखट पदार्थांनी तोंडाची आग होते. हा दाह होय. नंतर अंतस्त्वचा पातळ व पांढुरकी पडते, हा शोष. सुपारीतील अरेकोलीन त्वचेखालील तंतुजनक पेशींना उद्दीपित करते, कोलॅजन साचते आणि गालात ताठ पट्टे बनतात, हे तंतुभवन. अखेर रुग्णाला तोंडात तीन बोटेही घालता येत नाहीत.

येथे शब्दांतील भेद केवळ परीक्षेपुरता उरत नाही. कारण दूर झाले तर दाह शमतो. साचलेले तंतू मात्र सहसा विरत नाहीत. काही रुग्णांत पेशींची शिस्त बिघडते, केंद्रके मोठी व गडद होतात. तरीही पेशी आपली तळसीमा ओलांडत नाहीत, तोवर त्या अवस्थेला डिस्प्लेशिया म्हणतात. सीमा भेदली, की तो कर्करोग. हा निर्णय डोळ्यांनी पाहून होत नाही; तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच तो करावा लागतो.

भारतातील कर्करोगाचा लोकांच्या चालीरीतींशी असलेला संबंध मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ सालीच दाखविला होता. तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. साध्या सुपारीला ती लागू नव्हती.

म्हणून रुग्णाचे तोंड पाहताना विद्यार्थ्याने रोगाच्या नावाबरोबरच त्याची पायरीही ओळखावयाची असते. आग होत असतानाच सुपारी सुटली, तर पुढच्या पायऱ्या टळण्याची आशा सर्वांत अधिक असते.