कळ आणि कळवळा



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या नोकरीबद्दल बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. गेल्या वर्षी माझी आई गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातच्या नाताळच्या करंज्या खाल्ल्या आहेत. तिच्या आजारपणात वेदनेविषयी मला जे थोडंफार उमगलं, ते सांगते. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा बोलणं त्या श्रद्धेतूनच येईल. सांभाळून घ्या.

आईला वीस वर्षं मधुमेह होता. पायांची संवेदना हळूहळू गेली होती. एकदा चपलेत खडा असताना ती सगळा बाजार करून आली, तिला तो टोचलाच नाही. फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा कळलं. फोनवर म्हणाली, "दुखत नाही गं, काळजी करू नकोस." दुखत नाही म्हणून मीही निश्चिंत राहिले. पुण्याहून नगर तीन तासांवर, पण मी सहा आठवड्यांनी आले. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. आधी अंगठा काढावा लागला, मग पाऊल.

दवाखान्यातल्या रात्री मी डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी वाचलं. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोगाने मज्जातंतू निकामी होतात, वेदना कळेनाशी होते, आणि मग न जाणवलेले चटके व जखमा बोटांचा घास घेतात.

पुढे अमेरिकेत त्यांनी अभियंत्यांच्या मदतीने कृत्रिम वेदना तयार करून पाहिली. हातमोज्यात दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब वाढला की इशारा मिळे, नंतर विजेचा झटकाही. प्रयोग फसला. काम अडतंय असं वाटलं की रुग्ण यंत्रणा बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. हे वाचून मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. रात्री दोन वाजता सर्व्हरचा अलर्ट आला की तो बंद करून कूस बदलणारे आम्हीच. आईचा अलर्टही मी असाच बंद केला होता.

म्हणजे वेदना ही देवाने दिलेली राखणदार आहे, हे पटलं. पण तेवढ्याने भागलं नाही. पाऊल काढल्यावर आईला त्या नसलेल्या पावलातच कळा येऊ लागल्या. आता इशारा कसला? वाचवायचं काय उरलं होतं? मी देवाशी फार भांडले. उत्तर मिळालं नाही.

लूकच्या शुभवर्तमानात नाईन गावच्या विधवेची गोष्ट आहे. एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा निघालेली असते. येशू तिला मृत्यूचं कारण समजावत बसत नाही. तिला पाहून त्याला कळवळा येतो, आणि तो पुढे होऊन तिरडीला हात लावतो. 'कळवळा' हाच शब्द मराठी बायबलात आहे. आपल्या भाषेत माणूस स्वतःच्या दुखण्याने कळवळतो आणि दुसऱ्याच्या दुखण्यानेही कळवळतो. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताकडे पाहताना मला या दोन्ही अर्थांचा देव दिसतो. माझ्या 'का?'ला त्याने उत्तर दिलेलं नाही. पण त्याची संवेदना गेलेली नाही, एवढा विश्वास मला पुरतो.

हे मला प्रार्थनेत नाही, दवाखान्यात कळलं. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण रोज रात्री पेजेचा डबा घेऊन यायची. ती ख्रिस्ती नाही. एका रात्री आई ओरडत होती, "अंगठा दुखतोय, अंगठा!" मी समजावत होते, "आई, अंगठा नाही आता." मैत्रिणीने मला बाजूला केलं. जिथे पाऊल असतं, त्या रिकाम्या चादरीवर ती हळूहळू दाबत राहिली. आई झोपली. ती मैत्रीण आज इथेच बसली आहे. नाव घेतलेलं तिला आवडणार नाही.

एक अवयव दुखावला तर सगळे त्याच्याबरोबर दुःख सोसतात, असं पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलं. आपला वर्गही असंच एक शरीर आहे. ग्रुपवर रोज 'मजेत' लिहिणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्या तरी चपलेत खडा असेल, आणि कदाचित त्याला स्वतःलाही तो जाणवत नसेल. अशा कुणाची आठवण झाली, तर नुसता फोन करू नका, जाऊन या. माझ्यासारखे सहा आठवडे थांबू नका.

देव आपणा सर्वांचं भलं करो.