काळाची भिंत



ज्या भंडारा मतदारसंघाने १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लोकसभेत पाठविण्याचे नाकारले, तेथे उभे राहून त्यांच्याच विद्यार्थिदशेचा दाखला देताना किंचित संकोच वाटतो; परंतु चित्त अभ्यासात कसे रमवावे, या आपण नेमून दिलेल्या विषयास याहून समर्पक दाखला मला ठाऊक नाही.

परळच्या चाळीतील एकाच खोलीत चूल, जाते, माणसांचा राबता आणि शेळीसुद्धा नांदत असता, एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणाऱ्या भीमरावास स्वतंत्र जागा देणे ज्यांच्या ऐपतीबाहेर होते, त्या सुभेदार रामजी सकपाळांनी अशी तजवीज केली की, मुलाने लवकर निजावे, आपण रात्री २ वाजेपर्यंत जागावे, मग त्याला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे व्हावे, आणि त्याने मिणमिणत्या चिमणीपाशी पहाटेपर्यंत वाचावे. जागेला भिंत घालता येईना, म्हणून लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या त्या गृहस्थाने काळाला भिंत घातली! १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही २ वाजता उठावे, असे माझे म्हणणे नाही. निद्रा मोडून विद्या येत नाही, आणि सुभेदारांनीही मुलाची झोप आधी पुरी करून घेतली होती. यातून घ्यायचे ते एवढेच: वडिलांची हाक, ती चिमणी, तो प्रहर या खुणा नित्य त्याच क्रमाने आल्या, की 'वाचू की नको' ही मनाची कैफियत ऐकत बसावे लागत नाही; हुकूम आधीच सुटलेला असतो. मात्र खुणेची वहिवाट निर्भेळ हवी. ज्या सतरंजीवर वाचायचे तिच्यावरच मोबाइल चाळीत बसलात, तर सतरंजी पसरताच हात मोबाइलकडेच जाईल.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या आपल्या ग्रंथात आग्रह धरला आहे की, नवी सवय दृढ होईपर्यंत एकही अपवाद करू नये. त्यांच्या गावी धानाची रोवणी नसावी! आपल्याकडे आषाढ-श्रावणात घरदार बांधीत उतरते आणि अभ्यास खंडतो, त्यात लाज कसली? रोवणी आटोपताच त्याच प्रहरी, त्याच सतरंजीवर बसावे. पहिल्या दिवशी एकच पान झाले तरी पुरे.

ज्यांच्या ओसरीवर धानाच्या पोत्यांमुळे सतरंजीलाही जागा उरत नाही, त्यांच्यासाठी संस्थेने सायंकाळी एक वर्गखोली ठरल्या वेळी उघडी ठेवावी, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. किल्ली कोणाकडे राहील ते आजच मुक्रर झाले, तर आपण निश्चिंतपणे बक्षिसांकडे वळू.