फेसाचें मर्म : ताक आणि स्टाउट

मावळांतील उर्से हें गांव पुष्कळांना मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरील टोलनाक्यामुळें ठाऊक असतें. परंतु मावळांतल्या अशा गांवीं रवीनें ताक घुसळतांना जो मऊ, दाट फेस वर येतो, त्यांत एका परदेशी पेयाचें कोडें उकललेलें आहे. तें पेय म्हणजे स्टाउट, भाजलेल्या जवाची काळी बिअर. तिच्यावर सायीसारखा फेस असावा, अशी रसिकांची अपेक्षा असते.

ब्रिटनमध्यें 1963 सालीं घरगुती बिअरवरील परवान्याची अट उठली. तेव्हांपासून तेथें स्थायिक झालेला मराठी गृहस्थही स्वतःपुरती बिअर घरीं करूं शकतो. महाराष्ट्रांत मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून ती करणें हा गुन्हा आहे.

नवशिक्याच्या हातून एक चूक हटकून होते. फेस कमी आला, कीं तो बाटली भरतांना साखर वाढवितो. यीस्ट ती साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतें. स्टाउटला लिटरामागें 4 ते 5 ग्रॅम साखर पुरते. तिप्पट घातल्यास बाटली फुटून डोळा गमावण्याचा प्रसंग येतो. आणि इतकें करूनही फेस भरड निघून लवकर विरतो.

कारण दाटपणा वायूच्या विपुलतेंत नसून बुडबुड्यांच्या बारीकपणांत आहे. कार्बन डायऑक्साइड द्रवांत सहज विरघळतो. त्यामुळें लहान बुडबुड्यांतला वायु मोठ्यांत शिरतो. नायट्रोजन फारच थोडा विरघळतो, म्हणून त्याचे बारीक बुडबुडे टिकतात. हें हेरून गिनेस कंपनींतील गणितज्ञ मायकेल ॲश यांनीं 1959 च्या सुमारास नायट्रोजनयुक्त स्टाउट सिद्ध केली. आपली रवी तरी दुसरें काय करते? ती ताकांत हवा मिसळते, आणि हवेचा सुमारें चारपंचमांश भाग नायट्रोजनच असतो! घरगुती स्टाउट पेल्यांत ओतल्यावर थोडी स्वच्छ, बिनसुईच्या पिचकारींत ओढून जोरानें परत सोडली, तर हेंच कार्य साधतें.

फेसाला आधार प्रथिनांचा. ताकांत तीं दुधाचीं, स्टाउटमध्यें जवाचीं. थोडे ओट घातल्यास तीं वाढतात. फेसाचा वैरी म्हणजे स्निग्धांश. लोणी येऊं लागलें, कीं डेऱ्यांतला फेस बसतो, हें प्रत्येक गृहिणी जाणते. पेल्याला तुपाचा हात किंवा साबणाचा अंश लागला असल्यास स्टाउटचीही तीच गत होते. म्हणून साखरेच्या डब्याकडे हात जाण्यापूर्वीं पेला उजेडांत धरून पाहावा.