वेगाला शिस्तीची जोड : मोटारशर्यती आणि उपनगरांतील कुटुंबे

(पालक, शिक्षक व क्रीडासंयोजक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वेगाचे आकर्षण हा बालमनाचा स्वभावधर्म आहे. मुंबईच्या उपनगरांतील मुलांना तर यंत्राचा सहवास जन्मापासूनच लाभतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या परिसराची वाढ कारखान्यांच्या भोंग्यांबरोबर झाली. ‘प्रीमियर पद्मिनी’ ही मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात घडली, तर महिंद्र कंपनीचा कारखाना कांदिवलीत उभा राहिला. या कारखान्यांच्या आसऱ्याने असंख्य मराठी कुटुंबांचे संसार उभे राहिले. अशा घरांतील मुलाला मोटारीचे कुतूहल वाटले नाही तरच नवल! प्रश्न एवढाच की, या कुतूहलाला योग्य वळण द्यावयाचे, की ते रस्त्यावर मोकाट सोडावयाचे?

रस्त्यावरची शर्यत

द्रुतगती महामार्गांवर रात्री-अपरात्री मोटारसायकली पळविण्याचा प्रकार उपनगरवासीयांना नवा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे वा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९अ अन्वये पालक वा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी तरतूद असून, त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाच्या हट्टाखातर किल्ली हाती देणाऱ्या प्रत्येक पालकाने ही तरतूद ध्यानात ठेवावी.

परंतु केवळ शिक्षेच्या भयाने वेगाची ओढ ओसरत नाही. नियमबद्ध मोटारशर्यत प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलाला एक गोष्ट आपोआप उमगते. तेथील चालक शिरस्त्राण, ज्वालारोधक पोशाख व आसनपट्टे यांशिवाय गाडीत बसत नाही. पिवळा ध्वज दिसताच वेग कमी करावा लागतो व पुढच्या गाडीला मागे टाकता येत नाही. लाल ध्वज दिसला की शर्यत थांबते. निळा ध्वज मागून अधिक वेगवान गाडी येत असल्याची सूचना देतो. जगातील सर्वांत वेगवान चालकही कडेला उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या ध्वजाचा मान राखतो, हे दृश्य वाहतूक-सुरक्षेच्या दहा फलकांहून अधिक परिणामकारक आहे.

पाहण्यासारखे काय आहे?

उपनगरांत मोटारशर्यतींसाठी कायमस्वरूपी मार्ग नाही. भारतातील असे प्रमुख मार्ग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूर व ग्रेटर नोएडा येथे आहेत. तथापि, उपनगरांना हा खेळ अगदीच अपरिचित आहे असेही नाही. १२ मार्च २०२३ रोजी वांद्र्याच्या बँडस्टँडवर डेव्हिड कुल्टहार्ड या नामवंत चालकाने फॉर्म्युला वन गाडी प्रत्यक्ष चालवून दाखविली, तेव्हा समुद्रकिनाऱ्याच्या त्या नेहमीच्या रस्त्यावर प्रेक्षकांनी मोठी गर्दी केली होती. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मोटारसायकलींची सुपरक्रॉस स्पर्धा झाली. मातीचे उंचवटे रचून क्रीडांगणातच मार्ग तयार केला जात असल्याने प्रेक्षकाला एका जागी बसून सारी शर्यत दिसते. लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रकार विशेष सोयीचा आहे. उलट, रॅलीमध्ये गाड्या एकामागून एक दूरच्या रस्त्यांवरून निघून जातात. क्षणभर धुरळा दिसतो व पुन्हा दीर्घ प्रतीक्षा सुरू होते. कोणत्या वयाच्या मुलाला कोठे न्यावे, याचा निर्णय घेताना हा भेद लक्षात घ्यावा.

उपनगरांचे खरे वैभव मात्र त्यांच्या महाविद्यालयांत आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी विजेवर चालणारी शर्यतीची गाडी स्वतः बनवून इंग्लंडमधील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-स्पर्धेत उतरले आहेत. घाटकोपरलगतच्या विद्याविहार येथील सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘ओरायन रेसिंग इंडिया’ या संघाने जर्मनीतील अशाच स्पर्धेत भाग घेतला आहे. या स्पर्धांत केवळ वेगाला गुण नसतात. आराखडा, खर्चाचा हिशेब व सादरीकरण यांचीही परीक्षा होते. या गाड्यांचे प्रात्यक्षिक महाविद्यालयाच्या आवारात शाळकरी मुलांसाठी आयोजित केल्यास खर्च अल्प आणि लाभ मोठा होईल. विज्ञानाच्या पुस्तकातील घर्षण, गुरुत्वमध्य व केंद्राभिमुख बल या संज्ञा तेथे मुलांना डोळ्यांनी पाहता येतील.

इतिहासाचा इशारा

कुटुंबांना निमंत्रण देण्यापूर्वी त्यांच्या सुरक्षिततेची हमी देणे हे संयोजकांचे प्रथम कर्तव्य होय. १९५५ साली फ्रान्समधील ल मां येथे अपघातग्रस्त गाडीचे तुकडे प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९५७ साली इटलीतील ‘मिले मिलिया’ या सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतीत नऊ प्रेक्षक दगावले. त्यांत पाच मुले होती. त्यानंतर वेगाची शर्यत म्हणून ती स्पर्धा कायमची बंद झाली. आज दिसणारे मजबूत कठडे, जाळ्या, मोकळी सुरक्षा-पट्टी आणि वैद्यकीय पथके यांमागे अशा दुर्घटनांचा धडा आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय संघटनेची मान्यता स्पर्धेला आहे किंवा नाही, याची चौकशी पालकांनी व मुख्याध्यापकांनी अवश्य करावी. ‘उत्तम दिसते’ म्हणून कठड्यावर मुलाला चढविणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय.

दुसरा विषय आवाजाचा. पेट्रोलवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. मुलांचे कान कोवळे असतात. कानांवर बसणारी संरक्षक आवरणे प्रवेशद्वारापाशी माफक भाड्याने उपलब्ध करून देणे संयोजकांना सहज शक्य आहे; तान्ह्या बालकांना मात्र आणूच नये. निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल ही कायदेशीर मर्यादा असल्याने, रुग्णालये व दाट वस्ती यांच्या लगत अशा स्पर्धा भरविणे उचित ठरणार नाही. इंधन व गोंगाट यांविषयी नागरिक घेत असलेले आक्षेप रास्त आहेत. विजेवरील गाड्या आणि लहान कार्ट यांना अग्रक्रम देणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे.

कुटुंब येईल कसे?

उपनगरी कुटुंबाचा रविवार हा आठवड्यातील एकमेव मोकळा दिवस. त्या दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे, हे न पाहता वेळ ठरविणारा संयोजक अर्धे प्रेक्षक घरीच ठेवतो. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ साली सुरू झाल्यापासून पूर्व व पश्चिम उपनगरे जवळ आली आहेत. स्थानकापासून चालत जाता येईल असे स्थळ निवडल्यास वाहनतळाचा प्रश्नही सौम्य होतो. पिण्याचे पाणी, सावली, स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे आणि हरवलेल्या मुलांसाठी मदतकक्ष यांवाचून कोणतीही माता दुसऱ्यांदा येणार नाही. चौघांच्या कुटुंबाला परवडेल असे एकत्रित तिकीट असावे व शाळांच्या गटांना सवलत मिळावी. समालोचन मराठीतूनही व्हावे. कोण पुढे आहे, चाके का बदलली, ध्वज का दाखविला, हे न कळणाऱ्या प्रेक्षकाला शर्यत म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो.

शर्यतीपूर्वी मुलांना गाड्यांच्या दुरुस्ती-कक्षात नेऊन यांत्रिक कारागिरांशी बोलू द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या तरुणाच्या हातातील पान्यावर चालकाचा प्राण अवलंबून असतो, हे त्यांना कळले पाहिजे. मुंबईच्याच जेहान दारूवालाची २०११ साली, तो शाळकरी वयाचा असताना, एका चालकशोध मोहिमेत निवड झाली. डिसेंबर २०२० मध्ये फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ साली राष्ट्रीय मोटारशर्यतीत विजेतेपद मिळवून हा खेळ मुलींचाही आहे हे सिद्ध केले. अर्थात हा खेळ खर्चिक आहे आणि प्रत्येक मूल चालक होणार नाही. पण अभियंता, कारागीर, वेळमापक, वैद्यकीय साहाय्यक, ध्वजधारी स्वयंसेवक अशी अनेक कामे त्याच मैदानावर असतात.

पालकहो, मुलाला वेगाची ओढ असणे हा दोष नव्हे. त्या ओढीला मैदान, नियम आणि मार्गदर्शक मिळाले नाहीत, तर ती महामार्ग शोधते. शाळांनी सहलींच्या यादीत अशा एखाद्या प्रात्यक्षिकाचा समावेश करावा, महाविद्यालयांनी आपली दारे उघडावीत आणि संयोजकांनी कुटुंबाला सन्मानाने बसावयास जागा द्यावी. कठड्याच्या सुरक्षित बाजूला आई-वडिलांसमवेत बसून शर्यत पाहिलेला मुलगा उद्या स्वतः वाहन हाती घेईल, तेव्हा पिवळा दिवा पाहून थांबण्याची बुद्धी त्याला होईल, अशी आशा बाळगण्यास निश्चितच जागा आहे.