जुलैमध्ये विझलेला ब्लिंकर

बऱ्याच जणांचा प्रश्न आलाय, "गावच्या घराच्या वाटेवर सोलर दिवे लावू का?" लावा. पण आधी आमच्याकडे काय झालं ते ऐका.

आमचं घर राजापूर तालुक्यात. रस्त्यापासून अंगणापर्यंत उताराची वाट, मध्ये एक आंधळं वळण, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा. दिवाळीत मी आठ सोलर दिवे लावले आणि वळणावर एक पिवळा ब्लिंकर. आई म्हणाली, "विमानतळच केलास की रे!"

सात-आठ महिने मस्त चाललं. बाबांना सवयच लागली, ब्लिंकर दिसला की स्कूटर वळवायची.

मग जुलै. धो धो पाऊस, लाइट गेलेली, चष्म्यावर पाणी. बाबा ब्लिंकर शोधत राहिले आणि तो विझलेला. स्कूटर थेट गडग्यावर. मनगट फ्रॅक्चर.

मी आधी मालाला शिव्या दिल्या. पण चूक माझी होती.

हिशोब साधा आहे. अशा छोट्या दिव्यात बहुतेकदा १.२ व्होल्टचा एकच सेल असतो. तो ६०० एमएएचचा धरला तर साठते जेमतेम ०.७२ वॉट-तास वीज. म्हणजे आजचं ऊन आज रात्रीपुरतं. कोकणात जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही. त्यात माझा ब्लिंकर फणसाखाली! पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी चार्जिंग खूप घटतं.

आता काय बदललं? वळणावरच्या ब्लिंकरचं पॅनेल वेगळं काढून छपरावर नेलं. तोंड दक्षिणेला, कल साधारण १७ अंश, म्हणजे आमच्या अक्षांशाइतका. बॅटरी मोठी घेतली. विकत घेताना एकच प्रश्न विचारा, "ऊन नसताना किती रात्री चालेल?" निदान तीन तरी हव्यात. महिन्यातून एकदा पॅनेलवरचं शेवाळ पुसायचं.

आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट, गडग्यावर रिफ्लेक्टर. त्याला ना सेल, ना ऊन. हेडलाइट पडला की चमकतो.

एक सांभाळा, हे सगळं गेटच्या आत. बाहेर रस्त्यावर स्वतःचा सिग्नल किंवा बोर्ड लावायचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११६ प्रमाणे तो अधिकार सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या यंत्रणेचा.

मला कळलेली गोष्ट एवढीच. दिवा नसेल तर माणूस जपून चालतो. असलेल्या दिव्यावर मात्र तो विसंबतो. म्हणून जो लावाल तो पावसात टिकणारा लावा.

बाबा आता परत स्कूटर चालवतात. पण वळणावर आधी हॉर्न देतात, मग ब्लिंकरकडे बघतात. बरोबरच आहे त्यांचं!

तुमच्या वाटेवर काय लावलंय? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.