माप टेपवरून नाही, फळीवरून: घरच्या घरी राउटरचा फर्मा

भूम तालुक्यातल्या ईटमधून बोलतोय. आजचा विषय राउटर. थांबा, वायफायचा नाही. लाकडात खाच मारायचं मशीन, ते राउटर. त्याचं लहान, एका हातात मावणारं भावंड म्हणजे ट्रिमर. सिंगल फेजवर चालतं, त्यामुळे गावाकडं हेच जास्त दिसतंय.

आधी एक गोष्ट बघा. अभ्यासिकेतलं पुस्तकांचं कपाट वर्षभरात का खचतं? फळ्या नुसत्या स्क्रूवर टांगलेल्या असतात म्हणून. सगळं वजन त्या चार स्क्रूवर, आणि प्लायच्या कडेत स्क्रू तसाही नीट धरत नाही. तीच फळी बाजूच्या पाटात 6 मिमी खोल खाच मारून बसवली, की वजन लाकडावर येतं. स्क्रू फक्त धरून ठेवतो.

मग सगळेच खाच का मारत नाहीत? कारण ती सरळ आणि अचूक रुंदीची यावी लागते. सैल झाली तर फळी हलते, घट्ट झाली तर बसत नाही. त्यात बाजारातला 18 मिमी प्लाय बऱ्याचदा अर्धा-पाऊण मिमी कमीच भरतो. 18 चा बिट लावून खाच मारली तर फळी खुळखुळणारच. म्हणून आजचा मुद्दा एकच: रुंदीचं माप टेपवरून घ्यायचं नाही, फळीवरूनच घ्यायचं.

त्यासाठी जिग लागतो. जिग म्हणजे आपला फर्माच की. जुन्या सुतारांना तो नवा नाही. एकसारखे दहा तुकडे काढायचे तर आधी फर्मा, मग काम.

आता बनवायचा कसा? उरलेला प्लाय घ्या. 18 मिमीच्या दोन पट्ट्या, 32 इंच लांब, 5 इंच रुंद. या झाल्या रेल. त्यांची आतली कड कंपनीच्या कापाची, एकदम सरळ पाहिजे. मग 12 मिमीच्या दोन आडव्या पट्ट्या, 14 इंच लांब, साडेतीन इंच रुंद. या रेलच्या खाली येणार, एक अलीकडच्या टोकाला, एक पलीकडच्या.

डावी रेल दोन्ही आडव्या पट्ट्यांना स्क्रूनं पक्की करा. अलीकडची पट्टी आणि रेल यांच्यात काटकोन हवा. गुण्या लावाच, पण खात्री अशी करा: कोपऱ्यापासून पट्टीच्या कडेवर 12 इंचाला खूण, रेलच्या बाहेरच्या कडेवर 16 इंचाला खूण. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 20 इंच आलं, की काटकोन पक्का. इथं घाई नको. हा कोन चुकला की पुढची प्रत्येक खाच तिरकी.

उजवी रेल सरकती ठेवायची. आडव्या पट्ट्यांत दीड इंच लांब फट पाडा, त्यातून खालून 6 मिमीचा बोल्ट वर काढा, वर विंग नट. बोल्ट रेलच्या आतल्या कडेपासून 3 इंच लांब ठेवा, म्हणजे ट्रिमरचा तळ नटाला अडत नाही.

झाला फर्मा. आता माप. जी फळी बसवायची तिचेच दोन तुकडे दोन्ही टोकांना रेलच्या मध्ये उभे धरा. सोबत एक साधा कागद घाला, फेव्हिकॉलला तेवढी जागा लागते. उजवी रेल दाबा, नट आवळा, तुकडे काढा. रेलमधली फट म्हणजे तुमच्या फळीची खरी जाडी. टेप खिशातच राहिला.

बिट कोणता? सरळ, अर्धा इंची, आणि दांड्याच्या बाजूला बेअरिंग असलेला. बेअरिंग रेलला टेकून पळतं, पातं त्याच रेषेत खाली कापतं. पात्याची लांबी 12 मिमीच्या आसपास घ्या. फार लांब पातं असलं तर पहिल्या हातात बेअरिंग रेलच्या वर राहतं आणि पातं रेललाच खातं.

कापताना अलीकडची पट्टी पाटाच्या कडेला घट्ट टेकवा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. पाट अरुंद असेल तर पलीकडच्या कडेला टाकाऊ तुकडा लावा, नाहीतर बिट बाहेर पडताना प्लायची साल उडते. डाव्या रेलला चिकटून पुढं जा, उजव्या रेलला चिकटून मागं या. दिशा हीच. उलट गेलात तर मशीन हातातून पळायला बघतं. 6 मिमी एकदम नको, 3-3 मिमीचे दोन हात मारा.

पहिल्या खाचेत आडव्या पट्टीवरही खाच पडते. ती पडू द्या. पुढच्या वेळी फळी तेवढ्याच जाडीची असेल, तर ती खाच पाटावरच्या पेन्सिलच्या रेघांवर आणून ठेवायची. वेगळं मोजायला नको.

अजून एक युक्ती. कपाटाच्या दोन बाजू वेगवेगळ्या खाचू नका. 24 इंची पाटावर आधी सगळ्या खाचा मारा, मग तो उभा चिरून दोन करा. डाव्या-उजव्या खाचा आपोआप एका उंचीवर येतात.

आता कान इकडं द्या. तुम्ही हे इअरफोनवर ऐकत असाल, पण मशीन चालू असताना इअरफोन काढा. मशीनचा आवाज बदलला की काहीतरी बिघडलंय, आणि गाण्यात ते कळत नाही. त्याऐवजी आवाज अडवणारे मफ घाला. डोळ्यावर चष्मा. सैल बाह्या आणि हातमोजे नकोत. बिट बदलताना प्लग काढूनच. आणि मास्क! लाकडाच्या धुळीनं कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 सालीच नोंदवलंय. भुसा अंगावर घेणं ही मर्दानगी नाही, गड्यांनो.

हत्यारं घ्यायला पैसे नाहीत? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कारागिरी आहेत, त्यात सुतारकाम आहे. साधनसंचासाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते.

एकेकाळी इथला सुतार बाभळीची तिफण नि कुळव करायचा. आता शेतात ट्रॅक्टर आणि घरात रेडीमेड कपाट. पोरं विचारतात, या धंद्यात राहून करायचं काय? माझं उत्तर असं: रेडीमेड कपाट खचलं की माणूस सुतारालाच शोधतो. त्या दिवशी तुमची फळी ठोकून नाही, नुसती दाबून जागेवर बसली पाहिजे. मग पुढचं कपाट तो तुमच्याकडंच करायला टाकतो.

फर्मा बनवला तर फोटो पाठवा. काही अडलं तर व्हॉइस मेसेज टाका, पुढच्या भागात उत्तर देतो. चला, राम राम!