अवकाशातील पहारेकरी आणि किनाऱ्यावरची माणसे

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणावरून)



मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला सरकारी नोकर. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय! परंतु ज्या ओडिशाने आपणां मराठी मंडळींना आपलेसे केले, तेथील वादळे आपण सर्वांनीच अनुभवली आहेत. त्या अनुभवाच्या बळावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

1999 सालच्या 28 ऑक्टोबरची रात्र. मी तेव्हा कटकला नेमणुकीस होतो. उपग्रहाने टिपलेले छायाचित्र दूरदर्शनवर पाहिले : बंगालच्या उपसागरावर पांढऱ्या ढगांचे प्रचंड चक्र. मी पत्नीला म्हणालो, ‘‘याच महिन्यात गोपाळपूरला एक येऊन गेले, हे आणखी एक.’’ दुसऱ्या दिवशी पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले. एरसमाच्या परिसरात समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला. सुमारे दहा हजार माणसे गेली. उपग्रहाला ते वादळ आधीच दिसले होते, आणि मलाही दिसले होते, ही गोष्ट मला आजही टोचते. पण पक्की आश्रयस्थाने थोडकी होती, टेलिफोन मुके झाले होते, आणि किनाऱ्यावरच्या झोपडीत दूरदर्शन कोठून असणार?

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरतो. म्हणून तो एकाच जागी उभा राहिल्यासारखा उपसागरावर पहारा ठेवतो. ढगांच्या रचनेवरून तज्ज्ञ वाऱ्याच्या जोराचा अदमास बांधतात. वादळानंतरचे काम निराळे. ढगांखाली काय बुडाले ते साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही; तेथे रडारचा उपग्रह लागतो. त्याच्या लहरी ढग भेदून खाली येतात आणि संथ पाण्यावरून दुसरीकडेच परावर्तित होतात. त्यामुळे चित्रात पाणी काळे दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात अशा चित्रांवरून पूरग्रस्त भागाचे नकाशे तयार होतात. होडी प्रथम कोणत्या गावी धाडावयाची, हे ठरविताना असा नकाशा हाती असणे म्हणजे काय, ते ज्याने अंदाजाने होड्या धाडल्या आहेत त्यालाच विचारावे.

जुलै 2013 मध्ये इन्सॅट-3डी अवकाशात गेला, आणि त्याच ऑक्टोबरात फायलीन आले. या वेळी सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली; ओडिशातील मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. 2019 च्या फनीच्या वेळी उपग्रहांची चित्रे दर पंधरा मिनिटांनी मिळत होती, आणि किनाऱ्यावर आठशेहून अधिक आश्रयस्थाने उभी होती. तरीही साठांहून अधिक माणसे दगावली, हे विसरता येत नाही.

त्या 2 मेच्या संध्याकाळी पुरी जिल्ह्यातील एका गावी मी गेलो होतो. एक म्हातारी घर सोडीना. तिला उपग्रहाचे नव्हे, शेळ्यांचे पडले होते. गावच्या स्वयंसेवक मुलाने तिला ‘‘आजी’’ म्हणून पुष्कळ विनविले. शेवटी एक शेळी स्वतःच खांद्यावर घेऊन तो चालू लागला. तेव्हा कुठे दुसरीचे दावे हाती धरून ती त्याच्या मागोमाग निघाली.